ड्रॉइंगमधून मटेरियल लिस्ट काढताना

कॅड शिकून नुकताच कामाला लागलेला ड्राफ्ट्समन असो किंवा फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवण्यात उमर गेलेला मालक असो, बीओएमचा, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्सचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच येतो : सॉफ्टवेअरमध्ये ते बटण कुठे आहे? बटण सगळीकडे आहे. ऑटोकॅडमध्ये आहे, सॉलिडवर्क्समध्ये आहे, इन्व्हेंटरमध्ये आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्येही असेंब्लीची यादी काढायची सोय झाली आहे. बटण दाबले की क्षणात तक्ता समोर उभा राहतो. तो तक्ता स्टोअरला दिल्यावर काम सुरळीत चालणार की अडणार, हे मात्र फार आधी ठरून गेलेले असते. पहिला पार्ट काढून तुम्ही त्याला नाव दिले आणि फाइल सेव्ह केली, तेव्हाच.

सॉफ्टवेअर मोजणीत चुकत नाही. पण जे सांगितलेले नाही ते त्याला कळत नाही, आणि जे चुकीचे सांगितले आहे ते बिनतक्रार तक्त्यात उतरवते. म्हणून या लेखात बटणापेक्षा त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या कामाबद्दल अधिक लिहिले आहे.

उदाहरणाला एक साधा ग्रॅव्हिटी रोलर कन्व्हेअर घेऊ. लांबी २४०० मिमी, दोन बाजूंना ३ मिमी शीट वाकवून केलेले चॅनेल, मध्ये १५० मिमी अंतरावर १६ रोलर आणि खाली चौकोनी पाइपचा स्टँड. भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली अशा कोणत्याही औद्योगिक वसाहतीत हे काम होते. शीट, पाइप, गोल बार, बेअरिंग, नट-बोल्ट असे सगळ्या जातींचे सामान त्यात असल्यामुळे यादीचे जवळजवळ सगळे प्रश्न या एका कामात भेटतात.

पार्टची ओळख पार्टमध्येच

तक्त्यातला प्रत्येक रकाना कुठून तरी भरला जातो. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये तो पार्ट फाइलच्या प्रॉपर्टीजमधून येतो, टूडीत ब्लॉकच्या ॲट्रिब्यूटमधून. या जागा रिकाम्या असतील तर यादीत फाइलची नावेच उतरतात : ‘पार्ट१’, ‘पार्ट१-कॉपी’, ‘ब्रॅकेट नवीन फायनल’. अशी यादी घेऊन परचेसचा माणूस दुकानात जाऊ शकत नाही.

म्हणून पार्ट काढतानाच सहा गोष्टी भरायची सवय लावा : पार्ट नंबर, वर्णन, ग्रेडसकट मटेरियल, कच्च्या मालाचे माप, फिनिश, आणि हा पार्ट आपण बनवणार की विकत आणणार. सॉलिडवर्क्समध्ये प्रॉपर्टी टॅब बिल्डर वापरून यासाठी एक छोटा फॉर्म तयार करता येतो, म्हणजे ड्राफ्ट्समनला फक्त रकाने भरायचे किंवा यादीतून निवडायचे राहतात. हा फॉर्म बसवायला एखादी दुपार लागेल, पण मी तरी इथूनच सुरुवात करायला सांगेन. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने ‘एमएस’, ‘एम.एस.’, ‘माइल्ड स्टील’ असे लिहिले, की एकाच मटेरियलच्या तीन ओळी होतात आणि एकूण वजन कुठेच दिसत नाही.

वर्णन किती सविस्तर असावे? ते वाचून दुकानदाराला फोन करून काही विचारावे लागू नये, इतके. ‘बेअरिंग ६२०४’ हे अपुरे आहे. ६२०४ म्हणजे २० मिमी बोअर, ४७ मिमी बाहेरचा व्यास, १४ मिमी जाडी एवढेच कळले. ते उघडे हवे, झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे शील्ड असलेले हवे, की टूआरएस म्हणजे रबर सील असलेले? धुळीच्या जागी चालणाऱ्या कन्व्हेअरला उघडे बेअरिंग बसले तर ते लवकरच खरखरू लागेल. बोल्टचेही तसेच. ‘एम१० बोल्ट’ लिहून काहीच कळत नाही. ‘हेक्स बोल्ट एम१०×३०, पूर्ण आट्यांचा, आयएसओ ४०१७, ग्रेड ८.८, झिंक प्लेटेड’ असे लिहिले तर मनाजोगा माल येतो. पूर्ण आट्यांच्या हेक्स बोल्टला आयएसओ ४०१७ आणि अर्ध्या आट्यांच्या बोल्टला आयएसओ ४०१४ हे मानक आहे. बाजारात अजूनही अनेक जण डिन ९३३ आणि ९३१ हे जुने क्रमांक बोलतात, तेही चालतात. पण आपल्या यादीत एकच पद्धत ठेवा.

मटेरियल भरण्याला आणखी एक कारण आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये पार्टला मटेरियल दिले नाही तर घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरला १००० किलो धरली जाते. पोलादाची घनता ७८५० आहे. त्यामुळे वजनाच्या रकान्यात खऱ्याच्या जेमतेम आठवा भाग दिसतो, आणि आकडा दिसतोय म्हणून कोणी शंकाही घेत नाही. हे पकडायला हातात एक हिशेब हवा : लांबी × रुंदी × जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.०००००७८५, म्हणजे किलो. ५००×३००×१० मिमीची प्लेट ११.८ किलोच्या आसपास भरली पाहिजे. तक्त्यात १.५ किलो दिसले, तर त्या प्लेटला मटेरियल दिलेले नाही. गोल बारसाठी व्यासाचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किलो. हे सूत्र प्रत्येक फिटरला तोंडपाठ असते, ते डिझायनरलाही असावे.

टूडीत काम करत असाल तर

अनेक वर्कशॉपमध्ये आजही ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगवर सगळे चालते, आणि त्यातूनही यादी काढता येते. पार्ट ब्लॉक करून ठेवायचा, त्याला पार्ट नंबर, वर्णन, मटेरियल, माप असे ॲट्रिब्यूट जोडायचे आणि ‘डेटाएक्स्ट्रॅक्शन’ ही आज्ञा द्यायची. विझार्ड कोणती ड्रॉइंग घ्यायची, कोणत्या वस्तू मोजायच्या आणि कोणते रकाने हवेत ते विचारतो. तक्ता ड्रॉइंगमध्ये टाकता येतो किंवा एक्सेलमध्ये उघडणाऱ्या फाइलमध्ये पाठवता येतो. निवडलेल्या सेटिंगची डीएक्सई फाइल तयार होते. ती जपून ठेवली की पुढच्या कामाला पुन्हा सगळे निवडत बसावे लागत नाही. नुसती ब्लॉकची संख्या हवी असेल तर २०२२च्या आवृत्तीपासून ‘काउंट’ ही सोपी आज्ञाही आहे. ऑटोकॅड एलटीमध्ये हा विझार्ड मिळत नाही. तिथे ‘अटेक्स्ट’ या जुन्या आज्ञेने ॲट्रिब्यूट बाहेर काढावे लागतात.

आता अडचणी. पहिली आणि सगळ्यात मोठी अशी की टूडी ड्रॉइंगमध्ये एकच पार्ट तीन व्ह्यूमध्ये दिसतो. समोरून, वरून आणि बाजूने काढलेला स्टँडचा पाय सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तीन पाय आहेत. उलट, एकामागे एक उभे असलेले दोन पाय समोरच्या व्ह्यूमध्ये एकच दिसतात. म्हणून पार्टचे ब्लॉक मोजण्याच्या फंदात न पडता बलूनचाच, म्हणजे पार्टकडे रेघ दाखवणाऱ्या क्रमांकाच्या गोलाचाच, ब्लॉक करावा. बलूनच्या ब्लॉकमध्ये सगळे ॲट्रिब्यूट ठेवायचे, त्यात नगसंख्येचाही एक रकाना ठेवायचा, आणि प्रत्येक पार्टला सगळ्या ड्रॉइंगमध्ये मिळून एकदाच बलून द्यायचा. मग यादी बलूनवरून निघते. नगसंख्या हाताने लिहावी लागते हे खरे, पण ती एकाच जागी लिहिलेली असते आणि तपासता येते.

दुसरी अडचण मिररची. कन्व्हेअरच्या डाव्या बाजूचा ब्रॅकेट मिरर करून उजवीकडे ठेवला, तर ब्लॉकचे नाव तेच राहते. तक्ता सांगतो, ब्रॅकेट ८ नग. प्रत्यक्षात चार डावे आणि चार उजवे हवे असतात, आणि वाकवलेला ब्रॅकेट उलटा करून बसवता येत नाही. यावर उपाय विझार्डमध्येच आहे : रकाने निवडताना ‘स्केल एक्स’ आणि ‘स्केल वाय’ हेही घ्या. मिरर केलेल्या ब्लॉकच्या यांपैकी एका रकान्यात उणे चिन्ह दिसते. असे ब्लॉक शोधून त्यांना वेगळा पार्ट नंबर द्या. विझार्डच्या जादा सेटिंगमध्ये फक्त मॉडेल स्पेसमधल्या वस्तू घ्यायच्या की सगळ्या, हेही बघून घ्या. नाहीतर टायटल ब्लॉकसुद्धा यादीत एक नग म्हणून येऊन बसतो.

थ्रीडीत : यादी किती खोल हवी

थ्रीडी असेंब्लीत तीन व्ह्यूंचा प्रश्न मिटतो, कारण पाय चार असतील तर चारच असतात. पण तिथे दुसरा निर्णय घ्यावा लागतो. सॉलिडवर्क्स तीन प्रकारची यादी देते : फक्त वरच्या पातळीची, फक्त सुट्या पार्टची, आणि सब-असेंब्लीखाली तिचे पार्ट दाखवणारी इंडेंटेड. आपल्या कन्व्हेअरचा रोलर घ्या. एका रोलरमध्ये एक पाइप, दोन बेअरिंग आणि एक स्पिंडल. वरच्या पातळीची यादी म्हणेल, रोलर १६ नग. सुट्या पार्टची यादी म्हणेल, पाइप १६, बेअरिंग ३२, स्पिंडल १६. दोन्ही बरोबर आहेत. तयार रोलर विकत घेणार असाल तर पहिली उपयोगी, आणि स्वतः बनवणार असाल तर दुसरी. बनवायचे की आणायचे हा रकाना आधी भरून घ्यायला सांगितला तो यासाठीच. यादीचा आकार त्या उत्तरावर ठरतो.

इन्व्हेंटरमध्ये हा निर्णय पार्टवरच नोंदवता येतो. प्रत्येक पार्टची किंवा सब-असेंब्लीची बीओएम रचना नॉर्मल, फँटम, रेफरन्स, परचेस्ड किंवा इनसेपरेबल अशी ठरवता येते. नुसत्या सोयीसाठी एकत्र केलेल्या पार्टच्या गटाला फँटम करा, म्हणजे गट यादीतून नाहीसा होतो आणि त्यातले पार्ट वरच्या पातळीवर येतात. कन्व्हेअरवर ठेवलेला खोका, आजूबाजूची भिंत, ग्राहकाचे आधीचे मशीन अशा केवळ संदर्भासाठी काढलेल्या वस्तू रेफरन्स करा. सॉलिडवर्क्समध्ये यासाठी ‘बीओएममधून वगळा’ असा पर्याय आहे.

इथे एक गोष्ट हमखास घडते. बेअरिंगचे मॉडेल उत्पादकाच्या वेबसाइटवरून उतरवून घेतले जाते आणि ते पुष्कळदा असेंब्ली म्हणून उघडते. आतली रिंग, बाहेरची रिंग, छर्रे, सगळे सुटे. मग सुट्या पार्टच्या यादीत छर्ऱ्यांची शेकड्याने संख्या येते आणि बेअरिंग मात्र कुठेच नसते. इन्व्हेंटरमध्ये अशी फाइल परचेस्ड करून ठेवा. सॉलिडवर्क्समध्ये तिच्या कॉन्फिगरेशन प्रॉपर्टीजमध्ये आतले पार्ट ‘हाइड’ करा. सगळ्यात चांगले म्हणजे ती एकदाच एक पार्ट म्हणून सेव्ह करून, प्रॉपर्टीज भरून, कंपनीच्या लायब्ररीत ठेवा आणि पुढे तिथूनच वापरा. मोटर, गिअरबॉक्स, प्लमर ब्लॉक यांनाही हेच लागू आहे.

सॉलिडवर्क्समध्ये स्टँड वेल्डमेंट म्हणून एकाच पार्ट फाइलमध्ये काढला असेल, तर यादीत ‘स्टँड – १ नग’ इतकेच दिसेल. आतल्या पाइपांची मापे कट लिस्टमध्ये असतात. ती ड्रॉइंगवर वेगळी टाका, किंवा इंडेंटेड यादीत सविस्तर कट लिस्टचा पर्याय चालू करा.

शीटच्या पार्टला तर वाकवण्याआधीचेच माप यादीत हवे. १०० मिमी पाठ आणि दोन्हीकडे ५० मिमी कान असलेल्या ३ मिमी जाडीच्या चॅनेलची बाहेरून बेरीज २०० होते. पण आतली त्रिज्या ३ मिमी आणि के-फॅक्टर (वाकताना न ताणणारा थर जाडीत कुठे असतो ते सांगणारा आकडा) ०.४४ धरला तर सपाट पट्टी साधारण १९० मिमी लागते. बेरजेच्या मापाने शीट कापली तर कान मोठे येतात. सॉफ्टवेअर हे सपाट माप स्वतः काढते आणि कट लिस्टच्या प्रॉपर्टीत ठेवते. तुमच्या बेंडिंगवाल्याच्या मशीनवर येणारा के-फॅक्टर मात्र त्याला विचारूनच भरा.

नग, मीटर आणि किलो

ड्रॉइंग नगात बोलते, कटिंगवाला मिलिमीटरमध्ये आणि स्टील विकणारा किलोत. एकाच स्पिंडलची ओळ तिघांकडे तीन रूपांत जाते : १२ मिमी व्यासाचे ५०० मिमी लांबीचे १६ नग, म्हणजे ८ मीटर, म्हणजे सुमारे ७.१ किलो. हे रूपांतर सॉफ्टवेअर करून देते. पण एकूण लांबीवरून किती पाइप किंवा बार मागवायचे ते काढण्यात फसगत होते.

समजा स्टँडला ५०×५०×३ चौकोनी पाइपचे २१०० मिमी लांबीचे ८ नग हवेत. एकूण १६.८ मीटर. पाइप ६ मीटरचा येतो, तेव्हा तीन पाइपांत १८ मीटर मिळतात. हिशेब जमला असे वाटते. पण एका ६ मीटरच्या पाइपमधून २१००चे दोनच तुकडे निघतात, उरलेल्या १८०० मिमीचा तिसरा होत नाही. तीन पाइपांत सहा नग झाले. आठ नगांना चार पाइप लागतील, आणि साधारण १८०० मिमीचे चार तुकडे उरतील. १७५० मिमीच्या आडव्या पट्ट्या त्याच कामात असतील तर त्या या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. म्हणून एकाच सेक्शनच्या सगळ्या लांब्या एकत्र घेऊन कटिंगची आखणी करायला हवी. यासाठी स्वतंत्र प्रोग्रॅम मिळतात. छोट्या कामाला कागदावर, मोठ्या लांब्या आधी आणि छोट्या नंतर बसवत गेले तरी चांगले उत्तर मिळते.

आणि इथेच यादी डिझायनरलाही काही सांगते. तो स्टँड १९९० मिमी उंच चालणार असेल, तर एका पाइपमधून तीन तुकडे निघतात आणि आठ नग तीन पाइपांत बसतात. ११० मिमीच्या फरकाने एक पाइप वाचला. यादी ड्रॉइंग संपल्यावर एकदाच न काढता मध्येच, डिझाइन अजून हलवता येते तेव्हा, एकदा काढून बघा असे मी आग्रहाने सांगतो ते यासाठी.

कापताना ब्लेड जेवढा धातू खाते तो विसरू नका. चॉप सॉचे चाक सुमारे ३ मिमी खाते. नेमक्या ६००० मिमीच्या बारमधून ५०० मिमीचे बारा नव्हे, अकराच तुकडे पुरे मापाचे मिळतात. ही वाढ ड्रॉइंगच्या बीओएममध्ये घालायची नाही. ड्रॉइंगची यादी वस्तूत काय आहे ते सांगते. काय आणायचे ते सांगणारी परचेसची यादी तिच्यावरून वेगळी करायची, आणि कटिंगची तूट, जादा बोल्ट, स्टोअरमध्ये आधीच शिल्लक असलेला माल यांचा हिशेब तिथे करायचा. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळल्या, की पुढच्या वेळी तोच कन्व्हेअर करताना खरी संख्या कोणती ते कोणालाच सांगता येत नाही.

जे काढलेले नाही ते यादीत येणार नाही, याचीही आठवण ठेवा. प्रायमर, रंग, थिनर, वेल्डिंग रॉड किंवा मिग वायर, ग्रीस, आट्यांना लावायचे लॉकिंग लिक्विड, नेमप्लेट, पॅकिंगचे लाकूड. इन्व्हेंटरमध्ये अशा गोष्टींसाठी आकार नसलेला व्हर्च्युअल कंपोनंट असेंब्लीत ठेवता येतो. सॉलिडवर्क्समध्ये रिकामी पार्ट फाइल प्रॉपर्टीज भरून ठेवली की काम होते. तक्त्यात हाताने ओळ वाढवण्यापेक्षा हे चांगले, कारण हाताने टाकलेली ओळ तक्ता नव्याने काढला की गळते.

एक्सेलमध्ये नेताना

यादी सीएसव्ही करून एक्सेलमध्ये थेट उघडली, तर एक्सेल स्वतःच्या समजुतीने आकडे बदलते. पार्ट नंबर ‘००१२३’ असेल तर पुढची शून्ये जातात, ‘१२-५’ची तारीख होते. फाइल डबल क्लिक करून उघडू नका. ‘डेटा’ टॅबमधून मजकूर फाइल आयात करा आणि पार्ट नंबरचा रकाना टेक्स्ट म्हणून निवडा.

कामगारांसाठी मराठीत वर्णनाचा एक रकाना ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. ‘डावा ब्रॅकेट, रोलरच्या बाजूचा’ असे वाचल्यावर वेल्डरला ड्रॉइंग घेऊन केबिनमध्ये यावे लागत नाही. प्रॉपर्टीजमध्ये युनिकोड देवनागरी चालते. ऑटोकॅडच्या एसएचएक्स फॉन्टमध्ये मात्र देवनागरी उमटत नाही, टेक्स्ट स्टाइलला मंगल किंवा निर्मला यूआयसारखा ट्रूटाइप फॉन्ट द्यावा लागतो. एक्सेलमध्ये आयात करताना अक्षरे विस्कटली तर एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा.

स्टोअरला देण्याआधी

तपासणीची सगळ्यात भरवशाची पद्धत वजनाची आहे. तक्त्यात प्रत्येक ओळीचे वजन गुणिले नग काढा आणि बेरीज करा. मग असेंब्लीच्या मास प्रॉपर्टीजमध्ये पूर्ण कन्व्हेअरचे वजन बघा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. फरक आला तर काही पार्ट यादीतून वगळले गेले आहेत, किंवा कुणाचे वजन हाताने टाकलेले आहे. सप्रेस केलेले पार्ट दोन्हीकडून गायब असतात, म्हणून ते वेगळे शोधावे लागतात. त्यानंतर नट, बोल्ट आणि वॉशर यांची संख्या एकमेकांशी ताडून बघा. नट बोल्टपेक्षा कमी असतील, तर टॅप केलेली भोके कोणती ते ड्रॉइंगवर दाखवता आले पाहिजे. मग सर्वांत महाग तीन-चार ओळी घ्या आणि त्या मॉडेलवर बोट ठेवून मोजा.

छापील ड्रॉइंगवर यादी टायटल ब्लॉकच्या वर असेल, तर ओळी खालून वर वाढतात, म्हणजे पुढे एखादा पार्ट वाढला की तो वरच्या रिकाम्या जागेत लिहिता येतो. वेगळ्या कागदावरची यादी वरून खाली जाते. तंत्रनिकेतनात शिकलेल्यांना ही पद्धत ठाऊक असते. पार्ट लिस्टसाठी आयएसओ ७५७३ हे स्वतंत्र मानकही आहे.

राहिला रिव्हिजनचा प्रश्न, आणि सगळ्यात जास्त माल वाया जातो तो इथे. एक्सेलमध्ये नेलेली यादी त्या क्षणी गोठते. पुढे ड्रॉइंगमध्ये बेअरिंग बदलले, तरी परचेसच्या संगणकावर जुनेच राहते. म्हणून प्रत्येक यादीच्या डोक्यावर ड्रॉइंग नंबर, रिव्हिजन आणि तारीख असलीच पाहिजे, आणि ती नसलेली यादी स्टोअरने परत पाठवावी. वर्कशॉपमध्ये बोलताना आयटम नंबर न वापरता पार्ट नंबर वापरा. नवा पार्ट मध्ये घातला की आयटम नंबर सरकतात, कालचा सात आज आठ होतो, पार्ट नंबर मात्र तोच राहतो. रिव्हिजन बदलली की नवी यादी पूर्ण काढा आणि एक्सेलमध्ये पार्ट नंबरवरून जुनीशी लावून बघा : कोणती ओळ नवी आली, कोणती गेली, कुठल्या ओळीचे नग बदलले. परचेसला पूर्ण यादीबरोबर ही फरकाची यादीही द्या आणि ज्या ओळींची ऑर्डर आधीच गेली आहे त्यांच्यापुढे परचेसकडून खूण करून घ्या. यादीतून गेलेल्या ओळींपैकी कोणता माल परत होऊ शकतो, हे त्याच दिवशी दुकानदाराला विचारता येते.